छर्ऱ्याची बंदूक आणि खिशातली वही : डॉ. सलीम अली यांचे जीवन



मागे एकदा आठवीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरातून मी गलोल काढून घेतली. बेचके पेरूच्या फांदीचे, रबर सायकलच्या जुन्या ट्यूबचे, खडा धरायला चपलेच्या कातड्याचा तुकडा. खरे सांगायचे तर वस्तू मोठी नेटकी बनविली होती. ती मी टेबलाच्या खणात टाकली, पण त्या मुलाला रागवायला म्हणून तोंड उघडले आणि शब्दच सुचेनात. कारण त्याच वयाचा, हातात हवेची बंदूक घेतलेला मुंबईच्या खेतवाडीतला एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तो मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली.

त्यांचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. तेथे ते पक्ष्यांचे मित्र म्हणून भेटतात. ते खरेच आहे, पण या मैत्रीची सुरुवात शिकारीपासून झाली, हे फारसे कोणी सांगत नाही. मला वाटते ते सांगितले पाहिजे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. या पोरक्या मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या घरी वाढविले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. मामा हौशी शिकारी होते. घरात बंदुका, काडतुसे, रानातल्या गोष्टी हे सारे रोजचेच. तेव्हा भाच्याच्या हाती लहानपणीच हवेची बंदूक आली यात नवल ते काय?

या बंदुकीने छोटा सलीम चिमण्या मारी. मारलेली चिमणी हलाल करून घ्यायची आणि मग ती घरच्या रश्श्यात जायची, असा रिवाज होता. आज हे वाचताना काहींना कसेसेच होईल. पण त्या मुलाचे एक वेगळेपण पाहा. तबेल्यातल्या एका घरट्यापाशी त्याने नर चिमणा टिपला. काही वेळाने पाहतो तर मादीने दुसरा नर आणलेला. त्याने तोही मारला. पुन्हा दुसरा हजर! सात दिवसांत असे आठ नर त्याने मारले आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. हे त्याने वहीत लिहून ठेवले. वय असेल नऊ-दहा वर्षांचे. पुढे साठ वर्षांनी ती नोंद छापली गेली. आठ चिमण्यांचा जीव गेला हे खरे, पण मारणारे हात पुष्कळ असतात, पाहून लिहून ठेवणारा एखादाच.

१९०८ साली त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग निघाला. ही नेहमीची चिमणी नव्हे. मग ती खायला चालेल की नाही? मुलगा मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. ही संस्था १८८३ साली आठ मुंबईकरांनी स्थापन केलेली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन मराठी डॉक्टर होते, हे जाता जाता सांगून ठेवतो. तिची कचेरी तेव्हा अपोलो स्ट्रीटवर होती. तेथील मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड या इंग्रज गृहस्थाने दबकत आत आलेल्या त्या पोराला हाकलले नाही. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी, असे त्याला सांगितले. कपाटाचे खण उघडून भुसा-कापूस भरलेले पक्षी दाखविले, वाचायला पुस्तके दिली. पुढे संस्थेचे नॉर्मन किनियर यांच्याकडून तो पक्ष्याचे कातडे कसे सोडवायचे, कसे टिकवायचे ते शिकला. पालकहो, मामांनी त्या दिवशी चार आणे देऊन मुलाला गप्प बसविले असते, तर?

शाळेत मात्र स्वारी बेताचीच. डोकेदुखीने गाठले, काही महिने हवापालटासाठी सिंधमध्ये काढावे लागले. १९१३ साली कशीबशी मॅट्रिक झाली. कॉलेजात लॉगॅरिथम पाहून घाम फुटला आणि गणिताला रामराम ठोकून ते १९१४ साली ब्रह्मदेशात तव्हॉय येथे भावाच्या टंगस्टनच्या खाणीच्या धंद्यात गेले. तेथे चोहोकडे जंगल! धंदा बुडाला, पण रानाची ओळख पक्की झाली. १९१७ साली मुंबईस परतल्यावर दावर्स कॉलेजात व्यापारी शिक्षण आणि त्याच वेळी सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, अशी दुहेरी कसरत केली. डिसेंबर १९१८ मध्ये तहमीना बेगमशी विवाह झाला. पदवी मात्र नाहीच. त्या पदवीवाचून पुढे सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली नोकरी हुकली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता झाले. तेथून रजा घेऊन १९२८ साली बर्लिनला गेले आणि प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली.

वय तेहतीस, घरी पत्नी, हातात काम नाही. या वळणावर त्यांनी जे केले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी मुक्काम हलविला आणि तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत पाहत बसले. बंदूक बाजूला ठेवून! सुगरणीचा नर अर्धे घरटे विणतो, माद्या येऊन ते पारखतात. एखादीने पसंत केले तर नर ते पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसली की हा गडी दुसरे घरटे विणायला घेतो. हे कोडे त्यांनी तेथे उलगडले आणि त्यावरच्या लेखाने त्यांचे नाव झाले. काम नसलेल्या माणसाने कोकणातल्या एका गावात बसून केलेले हे काम.

मग त्यांनी संस्थानांना कळविले की, मला वेतन नको, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातले पक्षी मोजून देतो. १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानची पाहणी झाली. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे त्रावणकोर, कच्छ, बहावलपूर असे मुलूखच्या मुलूख त्यांनी पायाखाली घातले. तहमीना बेगम तंबूत बरोबर असत.

या मोहिमांचे सामान कसे असे, हे मुलांना फार आवडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. हौशी शिकाऱ्याला मोठे जनावर हवे असते, म्हणून त्याची बंदूक मोठी, गोळी मोठी. संग्राहकाचे उलटे. चिमणीएवढ्या पक्ष्यावर जाड छर्रा झाडला तर हाती पिसांचा चुराडा येईल. म्हणून बंदूक हलकी आणि छर्रे बारीक, जवळजवळ रव्यासारखे. पक्षी पडताच जखमेत आणि चोचीत कापूस भरायचा, नाहीतर रक्ताने पिसे खराब होतात. मग कागदाची पुडी वळून त्यात डोके खाली घालून त्याला ठेवायचे, म्हणजे पीस मोडत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मांस नासते, तेव्हा त्याच दिवशी कंदिलाच्या उजेडात कातडे सोडवायचे, आतून सोमलाचा साबण चोळायचा, कापूस भरून टाके घालायचे. आणि पायाला चिठ्ठी बांधायची: तारीख, गाव, नर की मादी. डोळ्यांचा, चोचीचा आणि पायांचा रंग तेव्हाच लिहायचा, कारण मेल्यावर तो फिका पडतो. चिठ्ठी नसेल तर तो पक्षी शास्त्राच्या दृष्टीने फुकट मेला. म्हणून सामानात बंदुकीपेक्षा पेन्सिल मोठी, असे मी वर्गात सांगतो. मुले हसतात.

कपडे मातकट रंगाचे, झाडाझुडपांत मिसळणारे. गळ्यात दुर्बीण. तिच्याविषयी मुलांचा एक गैरसमज असतो की जितकी मोठी करून दाखवील तितकी चांगली. तसे नाही. दुर्बिणीवर ८ गुणिले ४० असे लिहिलेले असते, म्हणजे वस्तू ८ पट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. पट फार वाढवली की हाताच्या कंपाने चित्र थरथरते आणि पानांआड उडणारा पक्षी सापडतच नाही. रानात सातआठ पट पुष्कळ झाली.

एक वस्तू मात्र त्यांनी निव्वळ शौकासाठी बाळगली, ती म्हणजे मोटारसायकल. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला येथे पक्षितज्ज्ञांची परिषद भरली, तेव्हा आपली सनबीम मोटारसायकल बोटीवर चढवून ते युरोपला गेले. वाटेत एकदोनदा पडलेही. तेव्हा त्यांचे वय होते त्रेपन्न!

आता अवघड प्रश्न. ज्याने हजारो पक्षी टिपले त्याला पक्ष्यांचा मित्र कसे म्हणावे? त्यांनी स्वतः कधी लपवाछपवी केली नाही. तरुणपणी शिकारीचा आनंद लुटला, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आणि शास्त्रासाठी नमुने गोळा करणे आवश्यकच होते, या मतावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. मला त्यातले सगळेच पटते असे नाही. पण एक तारीख सांगतो. १२ नोव्हेंबर १९३८. त्या दिवशी भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी शिकार झाली आणि एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. तो आकडा तेथील दगडावर कोरलेला आहे. योगायोगाने तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. तेथे पडलेल्या पक्ष्यांच्या पायांना कोण चिठ्ठ्या बांधणार? स्वातंत्र्यानंतर ती पाणथळ शेतीसाठी काढून घ्यावी अशी मागणी झाली, तेव्हा तिच्या बचावासाठी याच माणसाने पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली. ती वाचली आणि पुढे राष्ट्रीय उद्यान झाली. १९६०च्या सुमारास सोसायटीने तेथे व इतरत्र बंदुकीऐवजी बारीक जाळी लावून पक्षी पकडायला, पायात क्रमांकाचे अॅल्युमिनियमचे कडे घालून सोडून द्यायला सुरुवात केली, तीही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

१९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तहमीना बेगम वारल्या. हा घाव मोठा होता. पुढची वर्षे त्यांनी बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी काढली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, कामात बुडून गेले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. १९४५ साली कच्छच्या रणात उंटावरून जाऊन त्यांनी रोहित पक्ष्यांची वसाहत पाहिली आणि तेथे पाच लाखांच्या आसपास पक्षी असल्याचा अंदाज केला. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम आली, तिचा बहुतांश त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिला. १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी आत्मचरित्र आले आणि त्याच्या नावातही चिमणी आहेच. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडून, त्यांनी मुंबईत अखेरचा श्वास घेतला.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा झाला आहे, तेव्हा बंदुकीचा किंवा गलोलीचा मार्ग तुम्हांला बंद आहे. वहीचा नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी गलोल परत दिली नाही. शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल दिली. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त कावळे आणि एक कोंबडा लिहून आणला. दुसऱ्या आठवड्यात शाळेमागच्या बाभळीवर सुगरणीची सात घरटी मोजली, त्यांतली तीन अर्धवट. ती अर्धवट का, असे त्याने मला विचारले. मी किहीमची गोष्ट सांगितली.

मुंबईस जाणे झाले तर मुलांना घेऊन शहीद भगतसिंग मार्गावर, लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस आहे, ते अवश्य दाखवा. ती याच सोसायटीची इमारत. मिलार्डसाहेबांनी एका मुलापुढे जे खण उघडले होते, त्या संग्रहाचा वारसा तेथे जपलेला आहे.