गुलामाने मांडलेला हिशेब : फ्रेडरिक डग्लस

आपल्या समाजबांधवांना फ्रेडरिक डग्लस हे नाव फारसं परिचयाचं नाही. पण ज्या लढ्यात हा माणूस आयुष्यभर झिजला तो आपल्याला परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना अर्पण केलं. त्या मुक्तीसाठी जे काळे लोक स्वतः उभे राहिले, त्यांत डग्लस अगदी पुढे होते. त्यांचं १८५७ सालचं एक भाषण जगभर गाजलं. त्यातली दोन-चार वाक्यं लोक पोस्टरवर छापतात, पण त्यातला मुद्दा काय, हे फार थोडे सांगतात. आम्हांला तो मुद्दा त्यांच्या आयुष्यावरून उमगला. म्हणून आधी आयुष्य सांगतो.

डग्लस यांचा जन्म १८१८ साली मेरीलँड राज्यात गुलाम आईच्या पोटी झाला. तान्हेपणीच आईपासून तोडलं. आई दिवसभर शेतावर राबून रात्री बारा मैल पायपीट करून पोराला कुशीत घ्यायला यायची आणि उजाडायच्या आत परत जायची. अशा भेटी चार-पाचच झाल्या. पोर सात वर्षांचं असताना ती वारली.

आठव्या वर्षी त्यांना बाल्टिमोर शहरात पाठवलं. तिथल्या मालकिणीने हौसेने मुळाक्षरं शिकवायला घेतली. मालकाला कळलं तेव्हा त्याने ताबडतोब बंद केलं. शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही, असं त्याचं म्हणणं. पोराने ते ऐकलं आणि सुटकेची वाट कुठून जाते हे त्याच दिवशी ओळखलं! मग गल्लीतल्या गोऱ्या पोरांना भाकरीचा तुकडा द्यायचा आणि बदल्यात अक्षर शिकायचं. गोदीत लाकडांवर घातलेल्या खुणा बघून लिहायला शिकले. शाळेचं तोंडही पाहिलं नाही. आमच्यासारख्या रात्रपाळी करून वाचायला शिकलेल्यांना हे वाचताना काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

१८३४ साली मालकाने त्यांना कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे वर्षभरासाठी दिलं. गुलामांची रग जिरवून देणं, हीच या माणसाची ख्याती. सहा महिने फटक्यांशिवाय आठवडा गेला नाही. डग्लस स्वतः लिहितात की आपण त्या काळात माणसाचे जनावर झालो होतो. ऑगस्टमध्ये एका सकाळी कोव्ही दोरी घेऊन बांधायला आला, तेव्हा या सोळा वर्षांच्या पोराने त्याची मानगूट धरली. जवळजवळ दोन तास झटापट चालली. कोव्हीने दुसऱ्या एका गुलामाला मदतीला बोलावलं. तो म्हणाला, मला कामासाठी भाड्याने आणलंय, मारण्यासाठी नाही. कॅरोलाईन नावाच्या गुलाम बाईलाही हाक मारली. ती धडधाकट होती, मनात आणती तर पोराला आवरती. तिनेही हात लावला नाही आणि त्यापायी मार खाल्ला. या बाईचं नाव कोणी घेत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम घेतो.

पुढे काय झालं? गोऱ्यावर हात उचलणाऱ्या गुलामाला फासही लागू शकत होता. पण कोव्हीने तक्रारच केली नाही. एका पोराने आपल्याला आवरलं हे जगजाहीर झालं असतं तर त्याचा धंदाच बसला असता. डग्लस पुढे चार वर्षं गुलामच होते, पण पुन्हा कोणी त्यांना चाबूक मारू शकला नाही. कायदा तोच, मालकही तसलेच. बदललं एवढंच, की या माणसाचं सोसणं संपलं होतं.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात घालून, ते आगगाडीने पळाले आणि न्यूयॉर्कला पोचले. पैशाची मदत ॲना मरे या स्वतंत्र काळ्या तरुणीने केली. त्याच महिन्यात दोघांचं लग्न झालं. न्यू बेडफर्ड बंदरात जहाजाच्या फटी बुजवण्याचं त्यांचं कसबी काम मिळेना. काळा माणूस शेजारी आला तर आम्ही हत्यारं खाली ठेवू, असं गोरे कामगार म्हणत. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात तो प्रश्न काढला होता. कामगार कामगाराला कसा अडवतो, हे दोन्ही देशांत सारखंच दिसतं.

१८४१ पासून डग्लस गुलामगिरीविरुद्ध सभांत बोलू लागले. गॅरिसन यांच्यासारखे भले गोरे पुढारी त्यांच्या पाठीशी होते. पण हे मित्र म्हणत, तुम्ही फक्त आपली कहाणी सांगा, विचार आम्ही मांडू. १८४७ साली डग्लस यांनी मित्रांचा सल्ला बाजूला सारून रॉचेस्टर गावी स्वतःचं पत्र काढलं. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला कोव्हीनंतरचा दुसरा मोठा झगडा हाच. शत्रूला नाही म्हणणं एक वेळ सोपं!

आता भाषण. ३ ऑगस्ट १८५७, गाव कॅनन्डेग्वा, राज्य न्यूयॉर्क. निमित्त वर्धापन दिनाचंच होतं. इंग्रजांनी वेस्ट इंडिज बेटांवरचे सुमारे आठ लाख गुलाम १ ऑगस्ट १८३४ पासून मुक्त करायला घेतले, त्याचा उत्सव. (तिथे भरपाई दोन कोटी पौंड दिली, ती मालकांना. गुलामांना छदाम नाही.) त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही असा निकाल दिला होता. लोक हताश होते.

अशा दिवशी डग्लस यांनी नुसते गोडवे गायले नाहीत. त्यांनी विचारलं, ही मुक्ती आली कशी? विल्बरफोर्ससारख्या इंग्रजांनी पार्लमेंटात झगडा केला, त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण बेटांवरचे गुलामही गप्प नव्हते, ते बंड करत होते. एका बाजूने गुलामगिरी अन्याय्य आहे हे दाखवलं, दुसऱ्या बाजूने ती धोक्याची आहे हे दाखवलं. दोन्ही मिळून काम झालं. मग अमेरिकेतल्या काळ्यांनी सगळा भार मित्रांवर टाकून कसं चालेल?

त्यांचा हिशेब असा आहे. जुलूम करणारा किती जुलूम करील, ही मर्यादा तो स्वतः ठरवत नाही. सोसणारे जिथवर सोसतात तिथवर तो जातो. म्हणून मागणी आणि झगडा यांशिवाय सत्ता काही सोडत नाही. झगडा नैतिक असेल, शारीरिक असेल किंवा दोन्ही, पण तो चुकत नाही. पुष्कळांना हे शूरपणाचं कौतुक वाटतं. आम्हांला तसं वाटत नाही. धैर्य हा इथे अलंकार नाही, ती किंमत आहे, आणि ती कोणी भरायची हा प्रश्न आहे. आपल्याकडे मुंबई कौन्सिलात १९२३ साली पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला. तरी चवदार तळ्याचं पाणी ओठाला लागलं ते २० मार्च १९२७ ला, हजारो माणसं चालत गेली तेव्हा.

पुढे १८६१ साली यादवी युद्ध पेटलं. डग्लस यांनी काळ्या तरुणांना फौजेत भरती केलं, त्यांत स्वतःचे दोन मुलगेही. सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक लढले. पण गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि काळ्याच्या हातात ७! काही पलटणींनी तो पगार घ्यायचंच नाकारलं आणि पगाराविना लढत राहिल्या. डग्लस १८६३ साली थेट अध्यक्ष लिंकन यांना जाऊन भेटले. १८६४ साली समान पगाराचा कायदा झाला, आणि १८६५ साली घटनेतूनच गुलामगिरी गेली.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी ते १८४८ पासून बोलत होते. २० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये महिलांच्या परिषदेला बसून ते घरी आले. तिथली हकिकत पत्नीला उत्साहाने सांगता सांगता कोसळले आणि गेले. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क घटनेने मिळाला तो १९२० साली, त्यांच्या मागे पंचवीस वर्षांनी.