वकिली सोडणारे भातखंडे



घरातली मुलं गाण्याच्या परीक्षेला बसली की थाटांची नावं पाठ करणं सुरू होतं. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव... एकूण दहा. ही मांडणी पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची, एवढं मुलांना माहीत असतं. पण पंडितजी शिक्षणाने वकील होते आणि ती वकिली त्यांनी आपणहून सोडली, हे सहसा कुणी सांगत नाही. सध्या आपल्या ग्रुपांवर कुणाच्या मुलाला किती पॅकेज मिळालं याचीच चर्चा चालू आहे, म्हणून हे आठवलं.

जन्म १० ऑगस्ट १८६०, मुंबईत वाळकेश्वरला, गोकुळाष्टमीच्या दिवशी. १८८५ साली बी.ए., १८८७ साली एलएल.बी. त्या काळात एवढं शिकलेला मुलगा म्हणजे घराचं भाग्य उजळलं, असंच लोक धरून चालत. काही दिवस कराचीला आणि मग मुंबईत त्यांनी वकिली केली. पण विद्यार्थी असतानाच सतार हाती आली होती. मुंबईत पारशी मंडळींनी चालवलेली गायन उत्तेजक मंडळी होती, तिथेही ते जाऊ लागले. थोरामोठ्या गवयांकडून शेकडो धृपदं आणि ख्याल शिकले.

पुढे १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी. त्यानंतर वकिली मागे पडत गेली आणि शेवटी सुटली. दुःखाने विरक्ती आली आणि माणूस गाण्यात शिरला, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं ते पोटापाण्याचा उद्योग सांभाळून हेच करत होते. दुःखाने फार तर एक दार बंद केलं. दुसरं त्यांनी केव्हाच उघडून ठेवलेलं होतं.

आणि वकिली वाया गेली असंही नाही बरं का! तेव्हा रागांच्या बाबतीत सगळा गोंधळ होता. एक खानसाहेब एका रागात एक स्वर लावत, दुसरे म्हणत तो चालतच नाही. जुने संस्कृत ग्रंथ काही सांगत, मैफलीत ऐकू येई वेगळंच. पंडितजींनी हे एखाद्या खटल्यासारखं हाती घेतलं. १९०४ साली दक्षिणेत गेले, मद्रास, तंजावर, एट्टयपुरम. तिथल्या विद्वानांना भेटले, हस्तलिखितं पाहिली. ७२ मेळांची तिथली व्यवस्था समजून घेतली. मग उत्तरेत फिरले, कलकत्ता, काशी, अलाहाबाद, जयपूर, रामपूर. एकच चीज निरनिराळ्या लोकांकडून ऐकायची, ताडून पाहायची, लिहून घ्यायची. साक्षीपुरावे गोळा करण्याचीच ही रीत!

हे काम सोपं नव्हतं. घराण्याची चीज म्हणजे घरातला दागिना. तो परक्याच्या हाती कोण देईल? कुणी अडवलं, कुणी टाळलं. रामपूरला तर त्यांनी रीतसर शागिर्दी पत्करली. चाळिशी उलटलेला, कायदा शिकलेला माणूस पुन्हा शिष्य म्हणून बसला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. कारण उस्ताद गेला की त्याच्या चिजाही त्याच्याबरोबर जात, आणि दरवर्षी कुणी ना कुणी जातच होतं.

जमवलेलं त्यांनी स्वतःजवळ ठेवलं नाही. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत अठराशेच्या वर चिजा स्वरलिपीसकट छापल्या. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार जाडजूड भाग लिहिले, तेही मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. मौज म्हणजे संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने काढला आणि मराठी ग्रंथात त्याच चतुर पंडितांचा दाखला दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिला! नाव व्हावं म्हणून धडपडणारा माणूस असं करत नाही.

त्यांच्यावर टीकाही झाली. गाणं कागदावर उतरत नाही, असं जुनी मंडळी म्हणत. निरक्षर गवयांविषयी पंडितजी कधीकधी फार कडक लिहीत, तेही खरं. पण आज लहान गावातल्या मुलीला उस्तादाच्या घरी न जाता यमनची बंदिश शिकता येते, ती या कागदामुळेच.

बडोद्याच्या मंडळींना १९१६ ची गोष्ट ठाऊक असेल. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तिथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्यामागे पंडितजीच होते. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघालं. राजाभैया पूंछवाले यांच्यासारख्या तिथल्याच गायकांना पंडितजींनी आपली पद्धत शिकवली आणि शिकवण्याचं काम त्यांच्या हाती दिलं. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं, तिथे पुढे त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर प्राचार्य झाले. आज ते विद्यापीठ आहे आणि त्याला भातखंड्यांचं नाव आहे.

१९३३ साली पक्षाघात झाला. तीन वर्षं अंथरुणावर काढली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत ते गेले. क्रमिक मालिकेचे शेवटचे भाग त्यांच्या पश्चात छापून निघाले.