लोणावळ्याच्या छापखान्यातून घरोघरच्या भिंतींवर पोहोचलेले राजा रविवर्मा

घर ‘बोहो’ स्टाईलने सजवायचं म्हटलं की हल्ली काही गोष्टी ठरलेल्या असतात. हातमागाची सतरंजी, माळ्यावरून खाली काढलेला आजीचा तांब्याचा हंडा, वेताची खुर्ची आणि भिंतीवर एकमेकींशी अजिबात न जुळणाऱ्या फ्रेम्सची गर्दी. त्या गर्दीत एखादी पिवळट पडलेली लक्ष्मी किंवा शकुंतला हमखास दिसते. जुन्या बाजारातून आणलेली ती तसबीर अस्सल असेल, तर तिच्या खालच्या काठावर बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव सापडू शकतं: रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा.

हा पत्ता आपल्या मावळातला. मुंबई-पुणे लोहमार्गावर लोणावळा सोडलं की पुढचं स्टेशन मळवली. एका अंगाला कार्ल्याची लेणी आणि एकवीरा, दुसऱ्या अंगाला भाजे, लोहगड, विसापूर. आज इथे ट्रेकर उतरतात. एकेकाळी याच परिसरातून देशभरातल्या घरांच्या भिंतींवर चित्रं जात होती. आणि ज्याच्या नावाने ती जात होती, त्या माणसाला मात्र हा धंदा झेपला नाही.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरचा. काका राजा राजा वर्मा स्वतः चित्रं काढायचे. पुतण्याचा हात पाहून त्यांनी त्याला चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या दरबारात नेलं. महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी आश्रय दिला. पण तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते आणि ते शिकवायला कोणी सहज तयार होत नव्हतं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्याचं काम बघत बघत आणि बाकीचं स्वतः चुकत-सुधारत रविवर्मा शिकले. पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रं गेली, तिथेही पदकं मिळाली.

इथवरची गोष्ट एखाद्या यशस्वी दरबारी चित्रकाराची आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. त्या कामासाठी रविवर्मा आणि धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा देशभर फिरले, ठिकठिकाणचे पोशाख आणि दागिने पाहिले. त्यांच्या देवी आणि नायिका ओळखीच्या बायकांसारख्या साडीत दिसतात, त्यामागे ही भटकंती आहे. ही चित्रं पाहायला लोकांनी गर्दी केली. पण पाहून झाल्यावर चित्र महालात राहायचं आणि माणूस रिकाम्या हाताने घरी जायचा.

यावर उपाय सुचवला तो टी. माधवराव यांनी. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण होते. मागणी इतकी आहे, एकट्या माणसाच्या हातून ती पुरी व्हायची नाही, तेव्हा चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, असा त्यांचा सल्ला होता. रविवर्मांनी एक पाऊल पुढे टाकलं. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं.

छापील देव त्याआधी नव्हते असं नाही. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये निघालेली चित्रशाळा देवदेवता आणि इतिहासपुरुषांची चित्रं छापत होतीच. रविवर्मांनी त्यात तैलचित्राचा झगमगाट आणला. ही शिळाछपाई. प्रत्येक रंगासाठी चुनखडीचा वेगळा दगड, त्यावर हाताने उतरवलेला त्या रंगापुरता भाग, आणि एकच कागद एकामागून एक अशा सगळ्या दगडांवरून जायचा. कागद केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर जायचे! शेवटी वरून वार्निशचा हात मारला की लांबून ते थेट तैलचित्र वाटायचं.

ही चित्रं घरात आली आणि घर बदललं. तसबिरी दारावर, खुंटीच्या वर, किंचित पुढे झुकलेल्या टांगल्या जाऊ लागल्या. लक्ष्मी, सरस्वतीच्या शेजारी दमयंती आणि मोहिनीही आल्या, म्हणजे भक्ती आणि हौस एकाच भिंतीवर नांदू लागली. काही घरांत चित्रातल्या साडीवर जर, टिकल्या आणि खरं कापड चिकटवून ती आणखी नटवली जायची. छापील प्रत हजारोंकडे तीच, पण नटवल्यावर ती त्या एकाच घराची व्हायची. आज ज्याला आपण बोहो म्हणतो, ते याहून फार वेगळं नाही. आणि ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्याही घरात तोच देव आता भिंतीवर होता. मला रविवर्मांचं सर्वांत मोठं काम हे वाटतं, पदकं नव्हे.

धंद्याचं गणित मात्र बसलं नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे १८९९ च्या सुमारास छापखाना मळवलीला हलवला गेला. व्यवहार धाकटे बंधू सांभाळत होते आणि कर्ज वाढत होतं. विसावं शतक उजाडल्यावर थोड्याच वर्षांत दोघांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. त्याने नाव रविवर्मांचंच ठेवलं, देवांबरोबर जाहिरातीही छापल्या आणि धंदा तारला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केलं होतं. पुढे धुरंधरांची चित्रंही इथे छापली गेली.

१९०५ च्या जानेवारीत भाऊ गेला. रविवर्मा त्यानंतर दोन वर्षंही जगले नाहीत. २ ऑक्टोबर १९०६ ला किळिमानूरलाच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे कलासमीक्षकांनी या चित्रांना नाटकी आणि बाजारू ठरवलं. ‘कॅलेंडरवरची चित्रं’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. लोकांनी तसबिरी काही उतरवल्या नाहीत. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला.

म्हणून आता जुनी प्रत हवी असेल तर ती कुणाच्या तरी माळ्यावरूनच यायची. विकत घेताना भिंग सोबत ठेवा. शिळाछापात ठिपके हाताने काढलेले, वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत त्यांची एकसारखी जाळी दिसते. आणि तसबीर लोणावळ्याच्याच बंगल्यात लावणार असाल, तर ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको. आतल्या कोरड्या भिंतीवर, काचेमागे, उन्हापासून दूर टांगा.