हजेरीपटामागचा माणूस

बँकेच्या नोकरीत दर महिन्याला पगाराची चिठ्ठी हाती येई. भविष्यनिर्वाह निधी, विमा, सोसायटीचा हप्ता या मोठ्या कपातींच्या खाली एक लहानशी ओळ असे – व्यवसाय कर. रक्कम किरकोळ, पण कुरकुर मात्र आम्ही सगळे न चुकता करायचो. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली का बसला आणि कुणाच्या चुलीसाठी बसला, हे परतवाड्याला बदली होऊन येईपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हते.

परतवाडा म्हणजे मेळघाटचा उंबरठा. वर चिखलदरा, धारणी; खाली अचलपूर-चांदूरबाजारची संत्र्याची वावरे. दिवाळी झाली की कोरकू कुटुंबे भांडीकुंडी आणि लेकरांसह कामासाठी खाली उतरतात, होळीला घरी परततात. त्याच दिवसांत बागाईतदार मंडळी कर्जाच्या कामाला माझ्यासमोर बसत आणि मजूर मिळत नसल्याची तक्रार करीत. कपाशी फुटलेली, संत्रा तोडणीला आलेला, आणि माणूस नाही. एकीकडे कामासाठी वणवण, दुसरीकडे माणसासाठी वणवण! या कोड्याचा विचार करताना मला एका माणसाची ओळख झाली. ते विठ्ठल सखाराम पागे.

पाग्यांचा जन्म १९१० सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीचा. शिक्षण वकिलीचे, ओढा गांधीजींच्या मार्गाकडे. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास झाला. संतवाङ्मयाचा व्यासंग जन्मभर राहिला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि तब्बल अठरा वर्षे, १९७८ पर्यंत, त्या आसनावर राहिले. मानाची जागा, शांत काम. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर समाधान मानून बसला असता.

पण पाग्यांच्या डोक्यात गावातला रिकामा हात होता. पाऊस गेला की शेतमजुराला काम नाही. काम नाही म्हणून गाव सोडायचे, नाहीतर मिळेल त्या मजुरीवर राबायचे. धर्मादाय धान्य वाटून हे सुटणार नाही, मागेल त्याला काम द्यावे आणि त्या कामातून बांध, विहिरी, पाझर तलाव उभे राहावेत, असे त्यांना वाटे. १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात या कल्पनेचा लहानसा प्रयोग झाला. मुख्यमंत्री होते आपल्या पुसदकडचे वसंतराव नाईक, स्वतः हाडाचे शेतकरी. त्यांनी पाग्यांची कल्पना उचलून धरली.

मग १९७२-७३ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या बायका आणि झाडाला बांधलेली लेकरांची झोळी हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. त्याच सुमारास शेतमजुरांच्या कामाची परिस्थिती आणि किमान वेतन यांचा अभ्यास करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही पाग्यांकडे आले. हमी आणि मजुरीचा दर हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर आमच्या पगाराच्या चिठ्ठीत होते. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने व्यवसाय कर द्यायचा, बागाईत जमिनीवर अधिभार बसवायचा आणि जमेल तितकीच भर सरकारने घालायची. शहराने गावाला दिलेले हे देणे होते. १९७७ साली, पागे सभापती असतानाच, रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. स्त्री-पुरुषांना दर एकच. १९९० साली पागे गेले. त्याच वर्षी फळबाग लागवड या हमीला जोडली गेली. गंमत पाहा, मजूर मिळत नाही म्हणून ज्या बागांमध्ये आज ओरड होते, त्यांतल्या कित्येक या हमीच्याच पैशातून लागल्या!

२००५ साली साऱ्या देशासाठी शंभर दिवसांच्या रोजगाराचा कायदा झाला, त्याची प्रेरणा महाराष्ट्राचीच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस १२५ झाले आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाकाठी मिळून साठ दिवस ही कामे थांबवण्याची तरतूद आली. शेतकऱ्याला माणूस मिळावा, हा हेतू.

शेतकऱ्याची अडचण खरी आहे. भाव पडलेला असताना वेचणीची मजुरी परवडत नाही, हे कर्जखाती पाहिलेल्या माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. पण हमीचे काम बंद ठेवले म्हणजे मजूर आपल्याच धुऱ्यावर येईल, हा हिशोब मला कच्चा वाटतो. गावात काम नसेल तर तो मुकादमाची उचल घेतो आणि लांब निघून जातो. सोयाबीनची सोंगणी दिवाळीच्या आसपास, कपाशीची वेचणी पुढे कितीतरी दिवस, संत्र्याचे दोन बहार वेगळे. मग साठ दिवस कुठले, हे निदान तालुक्याच्या पिकांवरून ठरावे आणि ग्रामसभेत आधी सांगितले जावे.

दुसरी गोष्ट, बाहेरून येणाऱ्याची. बैतूलकडून सीमा ओलांडून मजूर येतात, त्यांच्यासाठी १९७९ साली आंतरराज्यीय स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराने पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर आणले तर त्याला परवाना, मजुराला प्रवासभाडे आणि विस्थापन भत्ता. २०२० च्या कामगार संहितेने तो पोटात घेतला आणि मर्यादा दहा मजुरांवर नेली. पाच-सात मजूर लावणारा बागाईतदार तिथेच सुटला. आणि धारणीहून शेकडो मैल जाणारा कोरकू? तो राज्याबाहेर गेलाच नाही, तर कायद्याच्या लेखी तो स्थलांतरितच नाही!

यावर उपाय फार अवघड नाही. राज्य ओलांडले की नाही हे न पाहता, घर सोडून हंगामी कामाला जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद निघताना ग्रामपंचायतीत आणि पोहोचल्यावर तिथल्या ग्रामपंचायतीत व्हावी. मुकादमाची उचल कागदावर यावी, मजुरी खात्यात पडावी. देशभर कुठेही रेशन घेण्याची सोय आता आहेच. लेकराची शाळा आणि अंगणवाडीही तशीच सोबत जावी. शेतकऱ्यांनी गट करून हंगामापूर्वी दर आणि राहण्याची सोय जाहीर केली, तर मजूर त्याच गावाला दरवर्षी येईल. चांगल्या गिऱ्हाइकाला बँकही अशीच जपते.

पाग्यांनी मजुराला नाही म्हणण्याची ताकद दिली. पोटाला आधार असलेला माणूस मिळेल त्या दरावर राबत नाही, आणि याचाच काहींना राग येतो. पण नाही म्हणू शकणारा मजूर जेव्हा हो म्हणतो, तेव्हाच तो मनापासून काम करतो. माझ्या निवृत्तीला आता काही वर्षे झाली आणि त्या चिठ्ठीतली कपातही थांबली. होळीच्या आधी बसस्टँडवर डोक्यावर गाठोडी घेऊन वर जाणारी कुटुंबे दिसतात, तेव्हा ती लहानशी ओळ मला आठवते. तिच्याबद्दल आपण उगाच कुरकुरलो, असे वाटत राहते.