पेडण्याचे भाऊसाहेब

गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. त्या काळी पेडणे-डिचोलीकडील कुळाच्या घरी हुशार मूल जन्मले, तरी गावात शाळा असेलच असे नव्हते आणि बापाला कसत्या जमिनीची शाश्वती नव्हती. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा चालत, त्या बहुतांशी खासगी खटपटीवर. अशा मुलखातून भाऊसाहेब उद्योगाच्या बळावर खाणमालक झाले. परंतु एकट्याच्या कर्तबगारीने गावाचे दैन्य फिटत नाही, याची जाण त्यांच्या कारभारात दिसते. २० डिसेंबर १९६३ रोजी अधिकारावर येताच त्यांनी खेडोपाडी प्राथमिक शाळा काढण्याचे काम हाती घेतले. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण मिळाले. बापाची जमीन टिकली, तरच पोराच्या हातची पाटी टिकते. १२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच, ते निवर्तले. गरिबाघरच्या मुलाच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो, ते योग्यच. जिद्द मुलाची असते खरी. पण घराजवळची शाळा कुणीतरी काढावी लागते.