दडपलेल्या आठवणींचा डॉक्टर

पहिल्या महायुद्धात अंगावर ओरखडाही नसलेले हजारो सैनिक आघाडीवरून परतत होते. कुणाची वाचा गेलेली, कुणाचे हात थरथरत, तर कुणाला रोज रात्री तेच भयाण स्वप्न पडे. या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत. अनेकांना तो भेकडपणा वाटे. काही ठिकाणी विजेचे झटके देऊन उपचार होत आणि झालेले विसरून जा, हा सल्ला तर सगळेच देत. हा सल्लाच दुखणे वाढवतो, हे ओळखणाऱ्यांपैकी एक होते डॉ. विल्यम रिव्हर्स.

रिव्हर्स यांचा जन्म १८६४ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचारही करत. तरी मुलाचे बोलताना अडखळणे काही गेले नाही. वैद्यकाचे शिक्षण घेऊन रिव्हर्स केंब्रिजमध्ये ज्ञानेंद्रियांचा, विशेषतः दृष्टीचा अभ्यास करू लागले. १९०१-०२ मध्ये ते निलगिरीत येऊन तोडा जमातीत राहिले. तिथल्या वंशावळी आणि चालीरीती त्यांनी लोकांकडून बारकाईने ऐकून नोंदवल्या. ऐकण्याची ही सवय पुढे रुग्णांच्या कामी आली असावी.

१९१६ मध्ये ते एडिनबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात रुजू झाले. तिथे लष्करी अधिकाऱ्यांवर उपचार होत. एका अधिकाऱ्याने स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेला मित्राचा देह पाहिला होता. दिवसभर तो ती आठवण दूर लोटी आणि रात्री ती स्वप्नात येई. रिव्हर्स यांनी त्याला आठवणीकडे पुन्हा पाहायला लावले. देहाची ती अवस्थाच सांगत होती, की मित्राला क्षणात मरण आले, त्याला यातना झाल्या नाहीत. हा विचार पटल्यावर त्याची स्वप्ने बदलली आणि हळूहळू थांबली. मात्र काही आठवणी इतक्या भीषण होत्या, की त्यांत आधार घेण्याजोगे काहीच सापडले नाही. हे अपयशही त्यांनी लपवले नाही.

त्यांच्यापुढे एक नैतिक पेचही होता. बरा झालेला रुग्ण पुन्हा आघाडीवर जाणार, हे त्यांना ठाऊक असे. युद्धाला जाहीर विरोध करणारे कवी सिगफ्रिड ससून हे त्यांच्याच उपचारांनंतर रणांगणावर परतले.

त्यांच्या स्वतःच्या मनातही एक बंद खोली होती. पाच वर्षांचे होईपर्यंत ते ज्या घरात राहिले, त्याचा वरचा मजला त्यांना कधीच आठवत नसे. तिथे घडलेले काहीतरी मनाने झाकून टाकले असावे, असे त्यांना पन्नाशी उलटल्यावरही वाटे. १९१७ च्या डिसेंबरमध्ये डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी युद्धाच्या आठवणी दडपण्याचे धोके मांडले. त्याच वेळी, सतत त्याच आठवणीत बुडून राहणेही घातक आहे, हेही त्यांनी बजावले. १९२२ मध्ये हर्नियाच्या अचानक उद्भवलेल्या त्रासाने त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सुमारे ६५ वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी ‘ईएमडीआर’ ही उपचारपद्धत विकसित करायला सुरुवात केली. ती रिव्हर्स यांच्या कामातून निघालेली नाही, पण आठवणीला सुरक्षितपणे सामोरे जाणे दोन्हींत समान आहे. यात रुग्ण त्रासदायक आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवतो. दोन कामांत लक्ष विभागल्याने आठवणीची धार बोथट होते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. डोळ्यांच्या हालचालींचा वाटा नेमका किती, यावर मात्र संशोधकांत मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावविकारासाठी प्रौढांबरोबर मुलांनाही हा उपचार सुचवला.

म्हणून जखम लहानपणीची असो की उतारवयातली, आता काय उपयोग, असे म्हणून ती झाकून ठेवू नये. घरच्या घरी प्रयोगही करू नयेत. प्रशिक्षित तज्ज्ञ गाठावा. आणि कुणी मन मोकळे करू लागले, तर विसरून जा म्हणण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे.