रामोन ई काहाल

स्पेन देशातील पेतिया या लहानशा गावी १ मे १८५२ रोजी सांतियागो रामोन ई काहाल याचा जन्म झाला. त्याचे वडील शस्त्रवैद्य होते. मुलानेही वैद्य व्हावे, अशी त्यांची इच्छा; परंतु सांतियागोला वेड होते चित्रकलेचे. त्याचे अभ्यासाकडील दुर्लक्ष पाहून वडिलांनी त्याला काही काळ एका चर्मकाराच्या हाताखाली कामास ठेवले.

पुढे वडीलच त्याला मानवी हाडे दाखवून शरीररचना शिकवू लागले. हाडांची चित्रे काढता काढता सांतियागोला त्या विषयाची गोडी लागली. १८७३ साली तो वैद्य झाला. सैन्याबरोबर तो क्यूबा बेटावर गेला व तेथे हिवतापाने जर्जर झाला. मायदेशी परतल्यावर साठविलेल्या पैशांतून त्याने सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले.

शरीरातील मज्जातंतूंचे एकच अखंड जाळे असते, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. इटलीतील गॉल्जी या शास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ती शोधून काढली होती. १८८७ साली काहालने ती पाहिली व तीत सुधारणा केली. कोवळ्या पिलांच्या मेंदूचे पातळ काप घेऊन तो तासन्‌तास एकेका तंतूचा माग काढी आणि दिसेल ते कागदावर रेखाटी. तेव्हा त्याला आढळले, की तंतूंची टोके मोकळी असतात. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते!

परंतु हे मानणार कोण? १८८९ साली काहाल आपले काप घेऊन बर्लिनच्या विद्वत्सभेस गेला. तेथे त्याने ते सूक्ष्मदर्शकातून दाखविले, तेव्हा कोलिकरसारख्या थोर पंडिताचीही खात्री पटली.

आतड्यातील मज्जातंतूंचाही काहालने माग काढला. त्यांच्या टोकांजवळ त्याला काही निराळ्या पेशी दिसल्या. त्या मज्जापेशीच असाव्यात, असे त्याला वाटले. येथे मात्र त्याचा तर्क चुकला. आतड्याच्या हालचालीला ताल देणाऱ्या त्या वेगळ्याच पेशी आहेत, हे पुढे सिद्ध झाले. तरीही त्या आज काहालच्याच नावाने ओळखल्या जातात.

१९०६ साली काहाल व गॉल्जी यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गॉल्जीने त्या प्रसंगीही अखंड जाळ्याचाच पुरस्कार केला. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल निवर्तला. दोन मज्जापेशींमधील सूक्ष्म फट १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष दाखविली. ज्या छंदापायी वडिलांचा रोष ओढवला होता, त्याच छंदाने काहालला सत्यापर्यंत नेले.